साहेब येणार म्हणून सारवलेली शाळा

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी ज्या माणसाला ‘शाळा कुठे आहे’ असं विचारलं, तो शाळेच्याच भिंतीला टेकून बिडी ओढत होता. त्याने मान न वळवता अंगठ्याने मागे दाखवलं आणि म्हणाला, “हे काय, शाया.” मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. मागे तर गुरांचा कोठा होता. शेणाचा वास होता, माशा होत्या, आतून म्हैस रेकल्याचा आवाजही आला. मी भडकले आणि म्हणाले, “मी इथे गंमत करायला आलेली नाही. मी शिक्षिका आहे.” तो उठून उभा राहिला, बिडी विझवली आणि अदबीने म्हणाला, “मंग जा ना बाई आत. पोट्टे केव्हाचे वाट पाहून राहिले.”

तो गावचा वाढई होता, म्हणजे सुतार, आणि थट्टा अजिबात करत नव्हता. मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काळात तो खरोखरच मोठा कोठा होता. पुढे गावाला शाळा पाहिजे झाली तेव्हा मालगुजाराने अर्धा कोठा शाळेला दिला आणि अर्धा म्हशींना ठेवला. मधे एक मातीची भिंत. वर कवेलू, म्हणजे आमच्याकडची मातीची कौलं. वानरांची टोळी रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची आणि ती कवेलू सरकवून ठेवायची. उन्हाळ्यात वर्गात उन्हाचे ठिपके पडायचे. पोरं त्या ठिपक्यांवरून सुट्टीला किती वेळ आहे ते बिनचूक सांगायची. पावसाळ्यात त्याच जागी पाणी पडायचं, आणि फळा सोडून सगळे जण जागा बदलत राहायचे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं घर नागपूरला, धरमपेठेत. दर सोमवारी पहाटे मी एस.टी. धरायची. शहराबाहेर वाडी नाक्याला ट्रकांच्या गर्दीतून गाडी कशीबशी सुटली की अमरावती रस्त्याला लागायची. मग एका फाट्यावर उतरून संत्र्यांच्या बागांमधून दोन मैल चालायचं. मी बावीस वर्षांची होते आणि मला राग फार यायचा. आता सत्तरी ओलांडली तरी तेवढाच येतो, फक्त लोक त्याला ‘वय झालं’ म्हणतात. आठवडाभर मी गावातच एका खोलीत राहायची. स्वयंपाक यायचा नाही, त्यामुळे गावातल्या बायका माझ्यावर दया करून भाकरी पाठवायच्या आणि मी त्याबद्दलही थोडीशी रागावायची.

शाळेत आम्ही दोघंच. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी हेडमास्तर गुरुजींची. एकच लांबट खोली. मधे पडदा नाही की भिंत नाही. इकडे माझी पोरं ‘बे एके बे’ ओरडायची, तिकडे गुरुजींची पोरं नद्यांची नावं. गुरुजींना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. देवमाणूस, पण एका गोष्टीला भ्यायचे. शेरेबुकाला. तपासणीला आलेले साहेब ज्या वहीत शेरा लिहून जातात ती वही. गुरुजींच्या सगळ्या नोकरीत तिच्यात एकही वाईट शेरा नव्हता. ते ती वही धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवायचे. मी म्हणायची, “गुरुजी, छप्पर डोक्यावर पडेल एक दिवस. नवीन इमारत मागू या.” ते म्हणायचे, “मागायचं म्हणजे इथे काय काय मोडलंय ते सांगायचं. मग ते विचारणार, इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात?”

मीही कदाचित गप्प बसले असते. पण चौथीत एक पोरगी होती. तिला वाचायचं वेड. बाजारातून फुटाणे ज्या कागदात बांधून यायचे तो कागद ती फुटाण्यांआधी ताब्यात घ्यायची. कागद जिथे फाटलेला असेल तिथे गोष्ट तुटायची, आणि मग सोमवारी ती मला रस्त्यातच अडवायची. “बाई, फुडं काय झालं असंन?” मला काय माहीत! मी काहीतरी रचून सांगायची. तिला पटलं नाही तर ती तोंडावर सांगायची, “असं नाई होनार.”

तिची आई नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. कापसाच्या दिवसांत कापूस वेचायची, संत्र्याच्या दिवसांत बागेत कामाला. दहा वर्षांची असताना बापाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसून ती दीक्षेला नागपूरला आली होती. ते ती कालच घडल्यासारखं सांगायची. “एवढे लोक, बाई. सारे पांढऱ्या कपड्यात. येताना बंडीतच बाप म्हणला, तुले पोरगी झाली तं शिकवजो.” ती स्वतः शिकली नव्हती. बापाचं म्हणणं तिने लेकीसाठी राखून ठेवलं होतं.

पण चौथीनंतर काय? आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवी होती ती चार मैलांवरच्या बाजारगावात, मधे रान आणि एक नदी. मुलगे जायचे, मुली घरी बसायच्या. कुणी त्यांना अडवायचं नाही, त्या आपोआप बसायच्या. दिवाळीनंतर एकदा ती आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मी कामाले जाऊ का तिच्या मागं रानातून जाऊ? पाचवी अथीच नाई का होत?”

मला याचं उत्तर माहीत नव्हतं आणि उत्तर माहीत नसलं की मला राग येतो. पुढच्याच शनिवारी मी नागपूरला कचेरीत जाऊन बसले. तिथल्या भल्या कारकुनाने मला चहा पाजला आणि सरळ सांगितलं. पाचवी पाहिजे तर जास्तीची खोली पाहिजे. पण मोडकी इमारत उभी असताना तिला जोडून कुणी खोली देत नाही. आधी जुनी इमारत धोकादायक ठरली पाहिजे, मग पूर्ण नवी इमारत मिळेल. धोकादायक कोण ठरवणार? ओव्हरसियर साहेब. ते एकदा येतील, बघतील, लिहितील. यंदाच्या यादीत एकच जागा उरली आहे आणि मार्चमध्ये यादी बंद होते. म्हणजे ती पोरगी पाचवीला बसणार की कापूस वेचायला जाणार, हे एका माणसाच्या एका भेटीवर ठरणार होतं.

मी अर्ज लिहिले. एक नाही, सात. गुरुजींनी प्रत्येकावर सही केली, पण प्रत्येक वेळी टोपी काढून डोकं खाजवलं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळच्या टपालाने पत्र आलं. सोमवारी ओव्हरसियर साहेब येणार. मला आनंदाने काही सुचेना. शाळा सुटता सुटता मी पोरांना ओरडून सांगितलं, “सोमवारी साहेब येणार आहेत शाळा पाहायला! सगळ्यांनी घरी सांगा!” आणि एस.टी. गाठायला पळाले.

एवढंच सांगितलं. साहेब कशासाठी येणार ते सांगितलं नाही. सगळ्या गोष्टीतली खरी चूक ती एवढीच, आणि ती माझी होती.

रविवारी मी आईबरोबर गांधीबागेच्या बाजारात साडी घ्यायला गेले. साहेबांसमोर जरा पोक्त दिसावं म्हणून मला गंभीर रंगाची साडी हवी होती. तास दीड तास दुकानदाराला छळून मी एक मातकट साडी घेतली. आई म्हणाली, “सुतकाला जाणार आहेस का?” मी मनातल्या मनात साहेबांना दाखवायच्या गोष्टींची उजळणी करत होते. वाळवी लागलेली मयाल, म्हणजे छपराची आडवी तुळई. दाराच्या बाजूची भेग. सरकलेली कवेलू. पोटऱ्यांपर्यंत पोपडे निघालेल्या भिंती. सगळं कसं छान मोडकं होतं!

सोमवारी फाट्यावरून चालत येताना झाडांमधून काहीतरी पांढरं चकाकलं. मी ओळखलंच नाही. जवळ आले तर शाळा! चुन्याने पांढरीशुभ्र. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. पुढे सडा, सड्यावर रांगोळी. आत गेले तर जमीन हिरवीगार सारवलेली, बायकांच्या बोटांच्या कमानी एकसारख्या उमटलेल्या. छपरातून एक ठिपका ऊन येत नव्हतं. भेग नव्हती. मयालीखाली नवा टेकू होता आणि त्यालाही पोतं गुंडाळून चुना फासला होता. गुरुजींच्या बाजूला भारताचा नकाशा लावलेला असायचा, त्याला झेंडूचा हार घातला होता. नकाशाशेजारी गुरुजी धुतलेली टोपी घालून हसत उभे होते. बाहेर अख्खं गाव जमलेलं. सरपंच पुढे येऊन म्हणाले, “कसं काय, बाई? हाये का नाई साहेब येण्यासारखी?”

आमच्या भागात साहेब येणार म्हटलं की दुसरा अर्थच नाही. पाहुण्याला आपलं फाटकं दाखवायचं नसतं. घर सारवायचं, चुना लावायचा, दारात पाट मांडायचा. मी निरोप धाडला, त्यांनी ऐकला. कापसाची वेचणी एक दिवस बंद ठेवून सगळं गाव रविवारी शाळेवर राबलं होतं. मी तिथे त्या मातकट साडीत उभी होते.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला.

ओव्हरसियर साहेब किडकिडीत, शांत माणूस. हातात टेप, काखेत वही. त्यांनी बाहेरून एक फेरी मारली, आत येऊन वर बघितलं, खाली बघितलं आणि मला म्हणाले, “बाई, अर्जात तर लिहिलं होतं की इमारत पडायला आली. ही माझ्या घरापेक्षा बरी आहे.”

“साहेब, हे सगळं कालचं आहे हो! वरून कीर्तन, आतून तमाशा!”

“आतलं मला कसं दिसणार? मी दिसतं ते लिहितो,” ते म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

त्या पेन्सिलीचं टोक कागदाला टेकताना पाहिलं आणि माझा राग उतू गेला. मी साहेबांना सोडलं आणि गावाकडे वळले. “कोणी सांगितली होती तुम्हाला ही लीपापोती? इमारत चांगली दिसली तर नवी मिळत नाही! नवी नाही तर पाचवी नाही! पोरी बसल्या घरी, तुमच्या चुन्यापायी!” असं बरंच बोलले. शेवटी रडू फुटलं. पोक्त दिसायची ती साडी डोळ्यांना लावून मी पहिलीतल्या पोरीसारखी रडले.

 सरपंच हळूच म्हणाले, “बाई, तुमी सांगतलं साहेब येऊन राहिले. आता साहेब येऊन राहिले म्हणल्यावर घर तसंच ठेवाचं का?”

 गर्दीतून वाढई पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. पाचवीचं त्याने ऐकलं होतं की नाही कोण जाणे. त्याला एकच शब्द लागला होता. “लीपापोती? माह्या कामाले लीपापोती म्हणता, बाई? साहेब, अथी या तुमी. हे मयाल पाहा. सारी उधईनं खाल्ली, अंदर भुसा राहिला निस्ता. म्या खालून बाभळीचा टेकू देल्ला, वरून पोतं बांधलं, चुना मारला. तुमच्यासारख्या साहेबाले बी समजलं का? नाई ना समजलं? याले लीपापोती म्हणत नाई, याले काम म्हणतेत!”

साहेबांनी मयालीवर बोटांनी टकटक केलं. आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. त्यांनी पोतं जरा बाजूला केलं, नख लावलं आणि भुसा भुरभुर त्यांच्या चष्म्यावर पडला. चष्मा पुसत त्यांनी वाढयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेन्सिल कागदावरून उचलली.

त्या पोरीची आई दाराजवळ उभी होती. ‘पाचवी नाही’ हे शब्द तिने ऐकल्यापासून ती जागची हलली नव्हती. आता तिने कमरेचा विळा काढला, दाराच्या बाजूच्या भिंतीशी गेली आणि काल स्वतःच्या हाताने लिंपलेलं खरवडायला लागली. आदल्या दिवशीची ओली माती ती, भसाभसा खाली आली. मागून चिंध्या निघाल्या, गवत निघालं, एक जुनं पोतं निघालं. “तीन टोपले माती लागली, साहेब,” ती म्हणाली. “असं बुजवलं होतं का मुंगी बी जात नोती.” मग तिने त्या भेगेत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात आत. बाहेरून पोरं किंचाळली, “हात आला! हात आला!”

साहेब हसले. त्या किडकिडीत माणसाला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण लगेच तोंड गंभीर करून त्यांनी वहीचं नवं पान काढलं आणि म्हणाले, “वा! मोठी कारागीर मंडळी आहात. आणखी कोणी काय काय केलं?”

मग काय विचारता. झुंबड उडाली. एक जण म्हणाला, कवेलू माझ्या कोठ्यावरचे काढून आणले, इथले सारे फुटले होते. दुसरा म्हणाला, मागचा कोपरा खचला होता, म्या दगड ठोकले. एका म्हातारीने उंदरांची बिळं बुजवली होती, ती साहेबांचा हात धरून प्रत्येक बीळ दाखवत हिंडली. ज्याचं काम दाखवून व्हायचं तो अभिमानाने बाजूला व्हायचा. साहेब एकेक ओळ लिहीत होते. मी डोळे पुसले आणि माझ्या लक्षात आलं की मी सात अर्जांत जे लिहिलं त्याच्या दुप्पट मोडतोड हे लोक दाखवत होते.

शेवटी राहिले गुरुजी. ते नकाशापाशी उभे होते, पाठ नकाशाला लावून. साहेबांनी विचारलं, “तुम्ही काही केलं का, गुरुजी?” गुरुजींनी फडक्यातल्या शेरेबुकाकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या त्या चौथीतल्या पोरीकडे पाहिलं. टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सहा वर्षं झाकून ठेवली होती, साहेब.” त्यांनी झेंडूचा हार काढला आणि भारताचा नकाशा खालून गुंडाळायला सुरुवात केली.

नकाशामागे भिंतच नव्हती. टोपल्याएवढं भगदाड होतं, आणि भगदाडात म्हशीचं तोंड. तिने जिभेने नाक चाटलं, साहेबांना नीट न्याहाळलं आणि जोरात फुस्स केलं.

तिसरी-चौथीची पोरं भूगोलाच्या तासाला का हसतात, हे कोडं मला त्या दिवशी सुटलं. साहेब हसता हसता सारवलेल्या जमिनीवरच बसले.

त्यांनी लिहिलं, ‘वर्ग भरवण्यास धोकादायक. पाडावी.’ शेरेबुकात मात्र त्यांनी गावाच्या कामाची आणि गुरुजींच्या प्रामाणिकपणाची तारीफ लिहिली. गुरुजींनी ती तीनदा वाचली आणि वही पुन्हा फडक्यात बांधली.

मी वाढयाची माफी मागितली. त्या आईचीही मागितली. ती विळा कमरेला खोचत म्हणाली, “रागावल्या तं रागावल्या. पाचवी होते ना?” मी म्हणाले, “होईल. पण यापुढे मला विचारल्याशिवाय शाळेला कोणी हात लावायचा नाही. शेणाचा तर नाहीच.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

मार्च संपता संपता मंजुरी आली आणि शाळा पाडायचा दिवस ठरला. मला वाटलं होतं गाव हळहळेल. कसचं काय! पोरांनी साखळी करून एकेक कवेलू खाली उतरवलं. वाढयाने सडक्या मयालीतून दोन चांगल्या फळ्या काढल्याच, आणि त्यांचा फळ्यासाठी घोडा करून दिला. नकाशामागची भिंत म्हशींच्या बाजूची म्हणून तेवढी राहिली. भगदाडाची खिडकी झाली. मधल्या सुट्टीत पोरं त्यातून म्हशीला भाकरीचे तुकडे द्यायची.

नवी इमारत होईपर्यंत वर्ग कुठे भरवायचे? माझे मारुतीच्या देवळात, गुरुजींचे वस्तीतल्या विहारात. दोन-तीन घरांतून कुरकुर झाली, आमचे पोट्टे तिकडे काहून? कधी कुणाला दुखवायचे नाहीत ते गुरुजी या वेळी एवढंच म्हणाले, “मी तिथे शिकवणार आहे. ज्याला शिकायचंय तो येईल.” तिसऱ्या दिवशी कुरकुर करणाऱ्यांचीच पोरं सगळ्यांच्या आधी जाऊन बसलेली. विहाराची फरशी थंडगार होती आणि एप्रिलच्या उन्हात जमिनीचा गारवा काय असतो ते पोरांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

स्लॅब टाकायचा दिवस म्हणजे लग्नच. मिस्त्रीने बजावलं होतं, एकदा सुरू केलं की मधे थांबायचं नाही. गिट्टी, रेती, सिमेंट फावड्याने कालवायचं, घमेली हातोहात वर. मीही साखळीत उभी राहिले. तासाभरात हाताला फोड आले. माझ्यापुढे ती आई होती. तिने माझे हात पाहिले आणि त्यानंतर माझ्याकडे घमेलं अर्धंच भरून यायला लागलं. मी रागावले तर म्हणाली, “तुमाले खडू धराचा हाये, बाई. हात सांभाळा.” दुपार टळल्यावर स्लॅब पुरा झाला आणि चिंचेखाली पंगत बसली. आलू-वांग्याची भाजी, पोळी, भात-वरण आणि बुंदी. सगळं गाव एका पंगतीला, सिमेंटने पांढऱ्या झालेल्या हातांनी. माझ्या आयुष्यात मी तेवढं जेवण पुन्हा कधी जेवले नाही.

नंतरचं काम जास्त कठीण होतं. स्लॅबवर मातीची आळी करून तीन आठवडे पाणी साठवून ठेवायचं होतं. आमच्याकडचा मे महिना! विहीर तळाला गेलेली. वर नवतपा, ते नऊ दिवस तर आमच्याकडे पाखरूही सावली सोडत नाही. सकाळी टाकलेलं पाणी दुपारी गडप. सरपंचांनी ठरवलं, रोज घरटी दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, पाणी. वाढई म्हणाला, “कमी पडलं तं मी आंघोळ सोडतो.” त्याच्या बायकोने तिथेच त्याला गप्प केलं.

ती माय-लेक नाल्यापलीकडून दिवसातून दोनदा यायची. आई शिडीखालून गुंड द्यायची, पोरगी वर नेऊन ओतायची. सगळ्यांचं पाणी टाकून झालं की पोरगी स्लॅबच्या कडेला चिंचेच्या सावलीत बसून कुठला तरी कागद वाचायची. मला सुट्टी होती, पण मी धरमपेठेला गेलेच नाही. माझ्या आईचं पत्र आलं, ‘तिकडेच घर बांधलंस का?’ मी उलट टपाली कळवलं, ‘हो.’

आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी चार दिवस पाचवीचं मंजुरीपत्र आलं. दोन मोठ्या खोल्या, पुढे ओटा, आत गुळगुळीत फरशी. गावातल्या बायका येऊन आतून पाहून गेल्या. खूश झाल्या, पण थोड्या हिरमुसल्याही. “आता याले काय सारवाचं?” एकीने विचारलं. मी सुटकेचा श्वास टाकला.

पहिल्या दिवशी साडेनऊला मी किल्ली आणि पाचवीचा कोरा हजेरीपट घेऊन निघाले. वळणावरून शाळा दिसली आणि मी जागीच थांबले. शाळेपुढचं अंगण, जिथे कालपर्यंत गिट्टी आणि चुन्याची ढेकळं होती, ते ओट्यापासून रस्त्यापर्यंत सगळं सारवलेलं. ओलं, हिरवं, बोटांच्या कमानींसकट. एक खडा दिसत नव्हता. रस्त्याच्या कडेला ती पोरगी दप्तर पोटाशी धरून उभी होती, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल फिती. ती ओल्यात पाय टाकत नव्हती. आणि अंगणाच्या शेवटच्या कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून, तिची आई गुडघ्यावर बसून उरलेलं हातभर सारवत होती.

सारवण दिसलं की मला तेव्हा साहेबच दिसायचा. नवी इमारत पाहायला कोणी येतंय आणि मलाच पत्ता नाही, असं वाटून माझा पारा चढला. तोवर माझी जीभही गावची झाली होती. मी रस्त्यावरूनच ओरडले, “मले न विचारता कोनं सारवलं? कोनता साहेब येऊन राहिला आज?”

तिने हात थांबवले नाहीत. शेवटची कमान पुरी केली, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“साहेब नाई वं बाई,” ती म्हणाली. “माही पोरगी येऊन राहिली. पाचवीत.”

 मी त्या पोरीच्या शेजारी रस्त्यावर उभी राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. मागून गुरुजी आले. त्यांनी अंगण पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि आमच्या रांगेत उभे राहिले. एकेक करून पोरं येत गेली, रस्त्यावर थांबत गेली. आत कोणीच गेलं नाही.

त्या दिवशी शाळा वीस मिनिटं उशिरा भरली. गुरुजींनी आपल्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने शेरेबुकात नोंद केली, ‘विलंबाचे कारण : अंगण ओले होते,’ आणि खाली सही केली.